म्हाताऱ्या कुत्र्याची ओली गादी : 'करते' की 'होते'?

बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'वृद्ध श्वानांमधील मूत्र-असंयम' असा लिहिला आहे. ते नाव संयोजकांनी दिलं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. फलकावर लिहायची वेळ आली की आपल्या सगळ्यांचीच मराठी इस्त्री करून येते. पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे शब्दाला ठेचकाळण्याची आम्हाला खोड आहे. तेव्हा सुरुवात त्या शब्दापासूनच करू.

असंयम म्हणजे काय? संयम ठेवता आला असता, ठेवायला हवा होता, आणि ठेवला नाही. हा नीतीच्या प्रांतातला शब्द आहे, वैद्यकातला नव्हे. इंग्रजीत तीच गंमत आहे. डॉक्टर ज्याला 'इन्कॉन्टिनन्स' म्हणतात, तोच शब्द ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांत 'अक्रासिया'साठी योजलेला आहे. अक्रासिया म्हणजे योग्य काय ते कळत असूनही मोहापुढे हात टेकणं. एम.ए.च्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची, आणि मग उरलेला तास ॲरिस्टॉटलला त्या हशातून बाहेर काढण्यात जायचा.

आपली बोली मात्र या बाबतीत फार शहाणी आहे. 'कुत्री गादीवर लघवी करते' हे एक वाक्य झालं. 'कुत्रीची गादीवर लघवी होते' हे दुसरं. पहिल्यात ती कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. खेड्यातली आजीबाई तर 'सुटते' म्हणते, म्हणजे हातातून भांडं सुटावं तशी. तक्रार घेऊन येणारी माणसं मात्र जवळजवळ नेहमी पहिलं वाक्य बोलतात: "हल्ली ही घरात करते." आणि त्या 'करते'पाशी सगळं बिघडतं. 'करते' म्हटलं की 'का करते', 'मुद्दाम करते', 'राग काढते', 'नातू झाल्यापासून जळते', अशी साखळी आपोआप लागत जाते. तिच्या शेवटी एक तर चप्पल असते, नाही तर गॅलरीतली साखळी असते. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचं हे दुखणं निभावायचं असेल तर पहिलं काम फडकं आणायचं नाही. पहिलं काम आहे क्रियापद तपासायचं.

आता ते तपासायचं कसं? त्यासाठी थोडं शरीरशास्त्र लागेल, फार नाही.

मूत्राशय ही एक स्नायूंची पिशवी. तिच्या तोंडाशी आणि पुढच्या नळीत स्नायूंचं कडं असतं. पिशवी भरत असताना कडं आवळलेलं राहतं. रिकामं करायची वेळ आली की कडं सैल होतं आणि पिशवी आवळते. हे दोन उलटसुलट हुकूम देणाऱ्या नसा वेगवेगळ्या, आणि त्यांच्यावर मेंदूची देखरेख. घरात करायचं नाही, दाराशी जाऊन उभं राहायचं, हे शिक्षण मेंदूतलं; पण झोपेतही कडं आवळून धरण्याचं काम शिक्षणाचं नाही. ते कुत्रं 'करत' नाही, जसं आपण आपलं हृदय चालवत नाही.

नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीच्या शरीरात अंडाशय नसतात, आणि त्या ग्रंथींच्या स्रावाचा त्या कड्याला जो आधार असतो तोही हळूहळू जातो. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, बऱ्याचदा काही वर्षांनी, कडं ढिलं पडतं. शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांपैकी साधारण ५ ते २० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो असं पशुवैद्यकात मानलं जातं; लहान चणीच्या कुत्र्यांपेक्षा मोठ्या चणीच्यांना जास्त, त्यातही डॉबरमन आणि बॉक्सर या जाती पुढे. याची खूण अगदी स्पष्ट आहे. कुत्री गाढ झोपते, उठते, आणि ती होती तिथे ओला गोल राहतो. उठून ती स्वतःच तो हुंगते, चाटते, चकित होते. दिवसा बाहेर नेलं की नेहमीसारखी बसून व्यवस्थित लघवी करते. म्हणजे करणं शाबूत आहे, शेजारी होणं सुरू झालं आहे. (यावरून कोणी नसबंदीच नको असा निष्कर्ष काढू नये. गर्भाशयात पू होणं आणि स्तनांच्या गाठी हे त्याहून फार मोठे धोके आहेत, आणि रस्त्यावरच्या पिल्लांचा प्रश्न तर वेगळाच.)

'होते' या क्रियापदाचा आणखी एक प्रकार आहे, तो घातक. मणक्याची गादी सरकल्यामुळे किंवा खड्यामुळे लघवी अडते, पिशवी तुडुंब भरते आणि वरून थेंब थेंब गळत राहते. पाहणाऱ्याला वाटतं, लघवी खूप होते आहे. खरं तर ती होतच नसते. कुत्रं पुन्हा पुन्हा बसतं, कुंथतं, चार थेंब पडतात, पोट दाबलं तर कळवळतं. अशा वेळी उद्या सकाळी बघू असं म्हणायचं नाही, त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

आता तिसरी जागा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. ती 'करते'ही नाही आणि निव्वळ 'होते'ही नाही. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात एक दाखला दिला आहे. वादळात सापडलेला नावाडी जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. त्याने फेकला का? फेकला. त्याच्या मनात होतं का? शांत समुद्रात कोणी शहाणा माणूस माल फेकत नाही. अशा कृतींना तो मिश्र कृती म्हणतो. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या घरातल्या लघवीपैकी बराच भाग या मिश्र प्रकारात मोडतो. ते उठतं, कोपऱ्यात जातं, बसतं, करतं. पण नाइलाजाने करतं. वादळ आत चाललेलं असतं.

कुठलं वादळ? मधुमेह. मूत्रपिंडं थकणं. अधिवृक्क ग्रंथींचा 'कुशिंग' नावाचा विकार, ज्यात पोट सुटतं, भूक वखवखते, धाप लागते. या सगळ्यांत तहान वाढते आणि लघवीही. कडं घट्ट असलं तरी रात्रभरात दुप्पट-तिप्पट लघवी धरून ठेवणार कुठे? हे घरच्या घरी तपासता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. सकाळी मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा, वजा करा. सलग तीन दिवस. निरोगी कुत्रं दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितं. उन्हाळ्यात आणि कोरड्या खाद्यावर थोडं जास्त. १०० च्या वर गेलं की ते नक्की जास्त. म्हणजे २५ किलोचं कुत्रं दिवसाला दीड लिटरच्या आसपास पीत असेल तर ठीक; अडीच लिटरच्या पुढे गेलं तर गादीचा विचार सोडा, रक्त तपासा.

याच यादीत औषधं येतात, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाहीत. खाजेसाठी प्रेडनिसोलोन सुरू केलेलं असतं, हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी असते, आणि चौथ्या दिवशी घरात तळं झालं म्हणून कुत्र्याला बोलणी बसतात. गोळी आपणच घातलेली असते की हो त्याच्या तोंडात, पोळीच्या तुकड्यात लपवून! औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. पण दोष कोणाचा नाही एवढं तरी समजून घ्यायचं.

जिची नसबंदी झालेली नाही अशी वयस्क कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत अचानक फार पाणी प्यायला लागली, जेवण टाकलं, मलूल झाली, कधी अंगावरून पू जायला लागला, कधी नाहीही, तर तो गर्भाशयातला पू असू शकतो. त्यात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. आपल्याकडे घरोघरच्या कुत्र्यांची नसबंदी आजही सर्रास होत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला की कळ अशी येते की दारापर्यंत पोचणंच होत नाही. नसबंदी न झालेल्या नरांत पुरस्थ ग्रंथी वाढलेली असते. इथे बसलेल्या आमच्या वयाच्या पुरुषमंडळींना त्याचं वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आणि एक अगदी साधं कारण: मागच्या पायांचे सांधे. कुत्र्याला कळतं, लागलेली असते, धरताही येते. पण गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, उठायला पाच मिनिटं लागतात आणि पाचव्या मिनिटाला सुटते. आपण विट्रिफाइड टाइल्स घातल्या, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी ती रोजची बर्फावरची चाल झाली. दाराच्या वाटेवर सतरंज्या टाकल्या तर काही घरांतला 'असंयम' आठवड्यात कमी होतो. असा हा असंयम!

उरला मेंदू. माणसाला जसं स्मृतिभ्रंश होतो तसं काहीसं म्हाताऱ्या कुत्र्यालाही होतं. दिवसा झोप, रात्री येरझाऱ्या; दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडण्याची वाट बघणं; कोपऱ्यात तोंड घालून तसंच उभं राहणं; आणि बाहेर फिरून आल्या आल्या दिवाणखान्याच्या मधोमध लघवी करणं. ही लघवी 'केलेली' असते, शांतपणे केलेली. पण ज्याला घर आणि अंगण यातला फरकच आठवत नाही, त्याने घराचा नियम मोडला असं म्हणता येईल का? नियम मोडायला आधी नियम माहीत असावा लागतो.

कुत्र्यांचा विषय निघाला की कोणीतरी महाभारतातल्या शेवटच्या प्रवासाचा दाखला देतं: युधिष्ठिर, स्वर्गाचं दार आणि बरोबरचं कुत्रं. आम्ही तो मुद्दाम टाळतो. ते कुत्रं शेवटी साक्षात धर्म निघालं. आपलं कुत्रं शेवटपर्यंत कुत्रंच राहणार आहे. आम्हाला त्याच महाभारताच्या आरंभीचं, आदिपर्वातलं कुत्रं जास्त जवळचं वाटतं. जनमेजय भावांसह कुरुक्षेत्रात सत्र करतो आहे. तिथे सरमेचं पिल्लू येतं, आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई म्हणते, तू काहीतरी केलं असशील. ते सांगतं, काहीच केलं नाही, हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटणं दूरच. मग सरमा त्या यज्ञात जाऊन विचारते, याला का मारलंत? आणि कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की अपराध नसताना मारलंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारं भय येईल. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या तोंडाशी व्यासांनी निरपराध कुत्र्याला झालेली मारहाण ठेवली आहे, आणि आईचा पहिला प्रश्नही तोच ठेवला आहे: तू काहीतरी केलं असशील!

बरं, मारून काही साधतं का? उलटंच होतं. दबलेलं कुत्रं धन्याचा आवाज चढला की कान पाडतं, अंग चोरतं, आणि तिथल्या तिथे त्याची लघवी सुटते. कुत्र्यांच्या भाषेत ती शरणागती आहे. आपण ओरडतो लघवी झाली म्हणून, आणि ओरडल्यामुळे पुन्हा लघवी होते. जी शिक्षा आपलं कारण स्वतःच तयार करते, तिला शिक्षा म्हणावं का, हा प्रश्न आम्ही परीक्षेत नक्की घातला असता.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी न्याव्यात. पाण्याचा हिशेब. मोबाइलवर घेतलेलं चित्रण, झोपेत गळतं की उठून करतं ते दिसेल असं. आणि सकाळची पहिली लघवी. ती धरायची कशी, तर लांब दांड्याचा डाव किंवा पसरट ताटली हळूच खाली सरकवायची. बाटली स्वच्छ धुतलेली हवी. मुरंब्याच्या बरणीतून नेलीत तर तपासणीत साखर दिसेल आणि कुत्र्याला उगाच मधुमेह जडेल. तासा-दोन तासांत पोचणार नसेल तर नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा. मग लघवीची तपासणी, रक्तातली साखर, मूत्रपिंडाच्या चाचण्या, लागली तर पोटाची सोनोग्राफी.

कडं ढिलं पडल्याचं निदान झालं तर उपचार आहे, हे फार घरांत माहीतच नसतं. 'म्हातारपण, चालायचंच' म्हणून माणसं वर्षभर गाद्या धूत बसतात. फेनिलप्रोपॅनोलामीन नावाचं औषध त्या कड्याचे स्नायू आवळून धरायला मदत करतं. एस्ट्रिऑल नावाचं संप्रेरक नसबंदी झालेल्या माद्यांत कड्याचा गेलेला आधार काही प्रमाणात परत देतं. बहुतेकींना एकाने किंवा दोन्ही मिळून चांगला गुण येतो. हे बरं होणं नाही, आटोक्यात राहणं आहे. गोळी थांबली की गळणं परत येतं. पहिल्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, बेचैनी येते, म्हणून हृदयाचं दुखणं असलेल्या कुत्र्याला ते जपून. एके काळी हेच औषध माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत असायचं. ते वाचून कोणी घरच्या डब्यातली सर्दीची गोळी देऊ नये: तिच्यात इतर औषधं मिसळलेली असतात, आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी आपली रोजची औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. लठ्ठ कुत्र्याचं वजन उतरवलं तरी गळती कमी होते. हा उपाय फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: पाणी तोडायचं नाही. 'कमी पिईल तर कमी करेल' हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड दिसतं, आणि मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या कुत्र्याला ते दोन दिवसांत मरणाच्या दारात नेऊ शकतं. ते जास्त पितं म्हणून जास्त करत नाही. बहुतेक वेळा शरीरातून जास्त जातं म्हणून त्याला जास्त प्यावं लागतं. कारण आणि कार्य उलटं लावलं की काय होतं याचं इतकं ठसठशीत उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नव्हतं.

आता घरातली व्यवस्था. आमच्याकडची जुई तेरा वर्षांची होईपर्यंत, म्हणजे शेवटची पावणेदोन वर्षं, आमच्या घराने हे सगळं केलं आहे, त्यामुळे इथे पुस्तकापेक्षा हाताचा अनुभव जास्त.

तान्ह्या बाळासाठी घरात जे असायचं तेच पुन्हा काढायचं. खाली मेणकापड, त्यावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी, तिच्याखाली एक गोधडी. सुती कापड ओल शोषतं, पण अंगाशी ओल धरूनही ठेवतं, म्हणून घडी दिवसातून तीन-चारदा बदलायची. त्याहून चांगली व्यवस्था म्हणजे बुटकी, नवारीने सैलसर विणलेली खाट: गळलेलं खाली ट्रेमध्ये जातं, अंग कोरडं राहतं, कोपरांना घट्टे पडत नाहीत. उंची मात्र वीतभरच हवी. म्हाताऱ्या कुत्र्याला खाटेवर चढवणं हा वेगळा उपद्व्याप होऊन बसतो. जागा बाहेरच्या दाराजवळची, पण माणसांत. रात्री एक बारीक दिवा, कारण दृष्टी मंदावलेली असते.

वेळापत्रक ठरवून टाकायचं: उठल्याबरोबर, जेवणानंतर, दुपारच्या झोपेनंतर, संध्याकाळी, आणि निजण्यापूर्वी अगदी शेवटी. आमच्यात पहाटे तीनची पाळी कोणाची यावर वाद नव्हता. सत्तरीनंतर माणूस त्या वेळी आपल्याच कामासाठी उठतो, तेव्हा दोघींचं की दोघांचं, एकत्रच आटपायचं. मागचे पाय धरत नसतील तर पोटाखालून पंचा घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे चालताना आधार होतो.

डायपर मिळतात, लहान मुलांच्या डायपरला शेपटीपुरतं भोक पाडूनही चालतं. नराला पोटाभोवती कापडी पट्टा आणि आत सॅनिटरी पॅड. पण ही चार-दोन तासांची सोय आहे, पाहुणे आले, प्रवास आहे, रात्र आहे. चोवीस तास डायपर म्हणजे कातडी जळणार, आणि मूत्रमार्गाला संसर्ग होणार. शिवाय काही कुत्री डायपर फाडून खातात. आतला दाणेदार पदार्थ पोटात फुगतो, तेव्हा एकटं असताना नको.

कातडीबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण खरी हेळसांड इथे होते. लघवीने भिजलेलं कातडं आधी लाल होतं, मग सोलतं. मांड्यांमधले आणि शेपटीखालचे केस बारीक कापून ठेवायचे. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुवायचं, आणि धुण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे टिपून पूर्ण कोरडं करायचं, मग व्हॅसलीनचा पातळ हात. लहान मुलांची पांढरी रॅशची मलमं लावू नयेत, त्यांत झिंक असतं, कुत्रं चाटतं आणि ते त्याला बाधतं. पावसाळ्यात तर रोज हाताने केस पांगवून बघायचं. ओल्या, गुंतलेल्या केसांवर माशी बसते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. कुत्रं न हलता पडून असेल तर घरातल्यांना वासानेच कळतं, तोवर जखम खोल गेलेली असते. हे ऐकायला नकोसं वाटतं, पण गॅलरीत बांधलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या नशिबी नेमकं हेच येतं.

फरशी फिनेलने पुसली की आपल्याला स्वच्छ वाटतं. कुत्रं त्याच फरशीवर लोळतं आणि मग पाय चाटतं. साधा साबण, मग पांढरं व्हिनेगर घातलेलं पाणी, मग नुसतं पाणी, एवढं पुरतं. जुन्या डागांना वास मोडणारी, विकरांची द्रावणं प्राण्यांच्या दुकानात मिळतात.

माणसांचं काय? घरात धुणं-भांडी करणाऱ्या बाईंना हे काम गृहीत धरून सांगू नये. त्यांना विचारावं, आणि त्या करणार असतील तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत. ज्या घरात देवपूजेचं सोवळं आहे तिथे कुत्र्याची हद्द आखून घ्यावी. सोवळं पाळणाऱ्यांची थट्टा करून कुत्र्याचं भलं होत नाही. सोसायटीत लिफ्टमध्ये थेंब पडले तर आपल्या पिशवीतून फडकं काढून तिथल्या तिथे पुसावं. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे. ती प्रत जवळ असू द्यावी, पण आधी फडकं दाखवावं, मग प्रत.

तरीही काही घरांत हे झेपत नाही. मग काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. 'फार्महाउसवर सोडलं', 'ओळखीच्यांच्या शेतावर ठेवलं'. तेरा वर्षं पंख्याखाली झोपलेलं, नीट न दिसणारं जनावर शेतावर किती दिवस काढणार? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे. अवाजवी आखूड साखळीने फार काळ बांधून ठेवणं हाही. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड लिहिला आहे १० ते ५० रुपये. डायपरच्या पुड्याहून स्वस्त.

इमॅन्युएल कांटला प्राण्यांचा मित्र कोणी म्हणणार नाही. प्राण्यांप्रति आपलं थेट कर्तव्य काही नाही, जे आहे ते माणुसकीला वळसा घालून येतं, असं त्याचं मत. ते आम्हाला पटत नाही, ते असो. पण क्योनिग्सबर्गला दिलेल्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत, जी विद्यार्थ्यांच्या टिपणांतून आपल्यापर्यंत आली, तो उदाहरण घेतो ते म्हाताऱ्या कुत्र्याचंच. वर्षानुवर्षं इमानाने सेवा केलेलं कुत्रं आता सेवा करू शकत नसेल, तर ते मरेपर्यंत धन्याने त्याला सांभाळलं पाहिजे. इतका कोरडा तत्त्वज्ञसुद्धा इथे सूट देत नाही.

शेवटी एका भगिनींनी चिठ्ठीतून विचारलं आहे: अशा कुत्र्याला इंजेक्शन देऊन शांत करावं का, ही वेळ आली हे कसं ओळखायचं? आमचं मत स्पष्ट आहे. केवळ लघवी सुटते हे कारण नव्हे. तो आपला त्रास आहे, त्याचा फारसा नाही. त्याच्या बाजूच्या गोष्टी वेगळ्या. आपणहून खातं का. वेदना औषधाने आवाक्यात आहे का. आधार दिल्यावर उभं राहतं का. आपण घरात आलो की मान वर करतं का. एक वही करून रोज रात्री 'आजचा दिवस बरा' किंवा 'वाईट' एवढंच लिहावं, आणि वाईट दिवस सलग जास्त व्हायला लागले की ती वही घेऊन डॉक्टरांसमोर बसावं. वहीत गादीचा हिशेब लिहू नये. तो वेगळा ठेवावा.

दुसरी चिठ्ठी: एकटी राहते, वय अडुसष्ट, कुत्रं तीस किलोचं, उचलवत नाही. बाई, उचलू नका, तुमची कंबर गेली तर दोघांचीही पंचाईत. खाट नको, जमिनीवरच दाराशी मेणकापड घाला. गॅलरी असेल तर तिच्यात कृत्रिम हिरवळीचा तुकडा किंवा वाळूचा ट्रे ठेवून तिथेच जायची सवय लावता येते, म्हातारपणीही लागते. बक्षीस म्हणून शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा द्यायचा, आणि तोसुद्धा लघवी झाल्यावर लगेच, घरात परत आल्यावर नव्हे.